बाहेरची डिग्री चालते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रविवारी मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे शिकवणारा मार्गदर्शक, म्हणून तास घेतो. त्यामुळे अमळनेरच्या बसस्टँडवर असो की लग्नाच्या पंगतीत, कोणी ना कोणी गाठतोच: "सर, बाहेरनी डिग्री चालस का?" बाहेरची म्हणजे रोज कॉलेजात न जाता, घरी अभ्यास करून मिळवलेली.

चालते. सरकारी नोकरीला चालते, स्पर्धा परीक्षेला चालते, पुढे एम.ए.लाही चालते. पण एवढ्यानं समाधान होत नाही, कारण खरी शंका वेगळीच असते. वर्गात न बसता मिळालेली डिग्री खरी कशी?

तर जरा मागे जाऊ. 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. पुढच्याच वर्षी, 1858 मध्ये, लंडननं कॉलेजची अटही काढली. कुठेही शिका, हवं तर घरी शिका, परीक्षेला या. आपल्या खान्देशातली कॉलेजं 1990 मध्ये जळगावला विद्यापीठ होईपर्यंत पुणे विद्यापीठाखाली होती. त्या काळात पदवीवर पुण्याचा शिक्का घेतलेल्या किती जणांनी पुण्याचं विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलं असेल? त्यांच्या डिग्रीला बाहेरची कोणी म्हणालं नाही.

पोस्टानं शिकवणं तर त्याहून जुनं. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत पत्र कुठेही जायला लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे पोस्टानं पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यानं बायबलमधला उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, तो तपासून परत यायचा. हेच ते पिटमन, ज्यांच्या पद्धतीवर तालुक्याच्या गावातली टायपिंग-शॉर्टहँडची इन्स्टिट्यूट चालायची. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानं 1962 मध्ये पत्राद्वारे पदवी सुरू केली. मग 1982 मध्ये आंध्रचं मुक्त विद्यापीठ, 1985 मध्ये इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि 1989 मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले आधी पुणे विद्यापीठाचेही कुलगुरू होते. म्हणजे रेग्युलरची गादी सांभाळलेला माणूसच हे काम उभं करायला आला.

नाशिकनं एक मोठी गोष्ट केली. बारावी नसलेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम देऊन बी.ए.ची वाट मोकळी केली. दहावीनंतर लग्न झालेली बाई, सतरा नंबरचा फॉर्म भरूनही बारावीत अडकलेला पोरगा, यांच्यासाठी आधी दारच नव्हतं.

आमच्या वर्गात एस.टी.चा कंडक्टर असतो, अंगणवाडी सेविका असते, केळीची कापणी उरकून आलेला शेतकरी असतो. पुस्तकं त्यांच्याशी बोलतात. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येच प्रश्न, पुढे त्याची उत्तरं. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरूनच मांडणी केलेली. एका ताईंच्या पुस्तकाला हळदीचे डाग होते आणि समासात पेन्सिलीनं अहिराणीत लिहिलेले अर्थ. तिनं विचारलेली शंका मला दुसऱ्या दिवशी वाचून सांगावी लागली. असं पुस्तक रेग्युलरच्या वर्गात मला क्वचितच दिसलं.

उलटही आहे, ते लपवत नाही. पुस्तकाची पिशवी न फोडता परीक्षेच्या आठवड्यात 'अपेक्षित' घेऊन बसणारे असतात. एकाचा गृहपाठ दहा जण उतरवतात, आणि काही ठिकाणी संपर्कसत्र, म्हणजे केंद्रावरचे तास, फक्त सह्यांपुरतं उरतं. बाहेरच्या डिग्रीला नाव ठेवलं जातं ते यांच्यामुळे. आणि खरं सांगायचं तर रेग्युलरमध्येही हजेरी लावून हेच करणारे कमी नाहीत, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

चालत नाही ते कुठलं, हेही सांगतो. पोस्टानं इंजिनिअर करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. काही अभिमत विद्यापीठांनी (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांनी) तशा पदव्या वाटल्या होत्या आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. पोरांचे पैसेही गेले, वर्षंही गेली. विद्यापीठाचं नाव मोठं असलं तरी प्रवेश घेताय त्या वर्षी, त्याच अभ्यासक्रमाला दूरशिक्षणाची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता आहे का, ते यूजीसीच्या यादीत बघा. एजंट दाखवतो तो झेरॉक्स पुरावा नाही. यादी मोबाईलवर उघडता आली नाही तर रविवारी केंद्रावर या, आपण मिळून बघू.