खोक्याची डागडुजी : भुसावळचा एम-वन, नोंद चौथी

मंडळी, या वेळी इंजिनाला हातही लावलेला नाही. अख्खा उन्हाळा खोक्यात गेला.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी : दिवाळीच्या आधी भुसावळला स्टेशनजवळच्या एका भंगारवाल्याकडे हॉर्नबीचा एम-वन पॅसेंजर सेट, म्हणजे खेळण्यातली आगगाडी, मिळाला. ओ गेज, म्हणजे दोन रुळांत 32 मिलिमीटर, चावीवर चालणारा. हिरवं पत्र्याचं इंजिन, त्यावर 3435 आकडा, मागे दोन पुलमन (आलिशान प्रवासी) डबे. एका डब्याचं नाव मार्जरी. पुतण्याने ते वाचलं आणि डब्यात मांजर शोधायला लागला. भंगारवाल्याने गाडी पिशवीत भरली आणि खोकं रद्दीच्या ढिगावर भिरकावलं. मी ते मागितलं तर म्हणतो, "पुठ्ठा नेऊन काय करशीन भो?" खोक्याचे मी गाडीइतके पैसे मोजले असते, पण चेहरा कोरा ठेवला.

फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीने लिव्हरपूलमध्ये 1920 साली या गाड्या काढल्या. गाडी पत्र्याची, पोरांच्या मारामारीतून वाचणारी. खोकं पुठ्ठ्याचं, पहिल्याच दिवशी फाटणारं. नाही फाटलं तर आईने त्यात बटणं-रिळं ठेवलेली. म्हणून गाड्यांच्या मानाने खोकी फार थोडी उरली. अमेरिकेतली ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन (स्थापना 1954) तर खेळणं आणि खोकं यांना वेगवेगळी श्रेणी देते, वस्तूला सी आणि कागद-खोक्याला पी, 10 पासून खाली 1 पर्यंत. मुंबईच्या ज्या संग्राहकाला मी फोटो पाठवले त्याचा पहिला प्रश्न "चालते का?" हा नव्हताच. "खोकं आहे का, आणि बाजूची पट्टी शाबूत आहे का?" त्या पट्टीवरच तर आत काय आहे ते छापलेलं असतं. पट्टी एका सेटची, माल दुसऱ्याचा असला की किंमत उतरते. अशा जोडीला मी सावत्र खोकं म्हणतो.

माझं सावत्र नाही. झाकणाच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत छपाईचा कोड आहे, शेवटी 7.52. म्हणजे जुलै 1952. हा महिना खोकं छापल्याचा, गाडी बनल्याचा नव्हे. तरी एवढा पुरावा इंजिनाच्या अंगावर कुठेच मिळत नाही. नक्कल तर नाही ना, म्हणून जळगावच्या सराफ बाजारातल्या मित्राकडे गेलो. त्याच्या भिंगाखाली रंग सपाट, सलग दिसला. हल्लीच्या प्रिंटरचे बारीक ठिपके नाहीत. मग नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं. आजचा पांढरा कागद त्यात निळसर चमकतो. माझं लेबल मख्ख राहिलं. दुकानातलं गिऱ्हाईक मात्र दागिने सोडून पुठ्ठ्याकडे बघत बसलं.

आता खरी फजिती. झाकणाचा एक कोपरा फुटला होता, कुणीतरी पूर्वी चिकटपट्टी मारलेली. पट्टी सुटली, पण तिचा पिवळा डाग पुठ्ठ्यात मुरला आहे, तो जाणार नाही. (कृपा करून जुन्या खोक्याला चिकटपट्टी आणि रबरबँड लावू नका.) गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ शिजवली आणि जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी आतून लावली. भर दुपारी, एप्रिलात! खान्देशातलं ऊन, हवेत ओल नावाला नाही. खळ दहा मिनिटांत आवळली आणि झाकण होडीसारखं वाकलं. गच्चीवर आईच्या बिबड्या वाळत होत्या, त्यांच्या शेजारी माझं झाकणही वाळलं म्हणायचं.

पट्टी ओलसर टिपकागदाने सोडवायला दोन दिवस लागले. दुसऱ्यांदा रात्री दहानंतर बसलो, खिडक्या बंद, पंखा बंद. खळ दाट, बोटाला जेमतेम लागेल एवढीच. वर टिपकागद, त्यावर काच, काचेवर वरवंटा आडवा. सकाळी उचललं तर कोपरा सरळ. जवळून पाहिलं तर सांध्याची केसाएवढी रेघ दिसते, तीही मी रंगाने झाकलेली नाही. टिश्यू संपला म्हणून पतंगाचा कागद वापरायचा मोह एका क्षणी झाला होता. एक तुकडा पाण्यात टाकून पाहिला, वाटीभर पाणी गुलाबी झालं. तिथेच थांबलो.

गंजलेल्या तारेच्या टाचण्या सहापैकी चार तशाच ठेवल्या. पुठ्ठा कापत होत्या त्या दोनच काढल्या. खोक्याची एक आतली झडप गायब आहे. तिथे साधा करडा, आम्लविरहित पुठ्ठा बसवला आणि मागे पेन्सिलीने "नवीन" लिहिलं. उद्या माझ्यामागे कुणी हे खोकं विकायला काढलं तर घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

मुंबईकराचा परवा पुन्हा फोन आला. त्याच्याकडे हाच सेट आहे, लालसर रंगातला, खोक्याविना. गाडी तुम्हीच ठेवा, फक्त खोकं द्या, म्हणाला, आणि गाडीच्या माझ्या खरेदीपेक्षा वरचा आकडा सांगितला. मी नाही म्हटलं. पट्टीवर हिरवं इंजिन छापलेलं असताना आत लाल ठेवायचं कसं, एवढंच विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला.

पावसाळा आला. झुरळं आणि कसर यांच्यामुळे खोकं आता लोखंडी कपाटात, सुती कापडात गुंडाळून ठेवलं आहे. त्याखाली वर्तमानपत्र घातलेलं नाही, कारण तो कागद पिवळा पडताना शेजारच्यालाही पिवळं करतो. चावी अजून मिळालेली नाही. पाचोऱ्याच्या एका घड्याळजीला चौकोनी खुंटीचं माप दिलं आहे.