आमची वाटचाल : दुर्बिणीच्या दुकानापासून मसाई मारापर्यंत

२००७ च्या ऑगस्टमध्ये आमची पहिली अकरा माणसं केनियातल्या मसाई माराच्या सफारीसाठी मुंबईहून नैरोबीच्या विमानात बसली, तेव्हा नाशिकच्या आमच्या दुकानावर अजून ‘फोटो स्टुडिओ, कॅमेरा व दुर्बीण दुरुस्ती’ हीच पाटी होती. रीळ धुण्याचं काम डिजिटल कॅमेऱ्यांनी संपवलं होतं. उरल्या होत्या दुर्बिणी. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणारी मंडळी शनिवारी संध्याकाळी त्या भाड्याने न्यायची आणि सोमवारी चिखलासकट परत आणायची. त्यांच्यासोबत मी जाऊ लागलो. पुढे बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसून वन खात्याच्या प्रगणनेत पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजले. रात्रभरात चार सांबरं, एक अस्वल आणि पहाटे रानडुकरांचा कळप. पण प्रत्येकाची वेळ फॉर्मवर लिहिताना अंगात जे बळ आलं, ते नुसतं बघून कधी आलं नव्हतं. आमच्या धंद्याचं मूळ त्या मचाणावर आहे, आणि हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्यानंतर आलेल्यांनी ‘स्वयंसेवक सफारी’ (जंगल बघायला जायचं आणि तिथल्या नोंदींच्या कामात हातभार लावायचा) हा शब्दही आपलाच असल्याचं सांगायला सुरुवात केली आहे.

दुर्बिणींचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. सफारीसाठी १२×५० घेऊन येणाऱ्यांना मी आजही ऑफिसातच थांबवतो. इंजिन चालू असलेल्या लँड क्रूझरमध्ये बारा पट मोठं दिसणारं चित्र बारा पट हलतंही. ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. म्हणजे डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा. पहाटे अंधुक उजेडात बिबट्या झाडावरून उतरतो तेव्हा हे सव्वापाच मिलिमीटर कामाला येतात. कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड आणू नका, गाडीत तो उभा करायला जागा नसते. मांजरपाटाची, चेन लावलेली पिशवी आणा. इथून रिकामी न्यायची, वाटेत नारोकच्या बाजारात तीन किलो तांदूळ भरायचे, टपाच्या कडेवर ठेवायची आणि लेन्स तिच्यावर टेकवायची. परतताना तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यायचे. आमच्या पिशव्या माझी बायको शिवते. कोपऱ्यांवर लाल दोऱ्याची दुहेरी टीप घालते, म्हणजे वजनाने उसवत नाहीत. त्या लाल टिपेची गोष्ट पुढे येईल.

पहिल्या सफारीला गाडी चालवणारे गाइड नारोकचे मसाई गृहस्थ होते. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. तिकडे वडीलधाऱ्याला ‘म्झे’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच होतं आणि त्यांना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. पण पहिल्याच दिवशी कळलं की स्वाहिलीत गाडीला ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, हिशेबाला ‘हेसाबु’, आणि चपाती व चाय आहे तशीच. धंदा करायला याहून जास्त शब्द लागत नाहीत. परत निघताना त्यांनी विमानतळावर हिशेबाचा कागद दिला, डिझेलच्या शेवटच्या शिलिंगापर्यंत. तेव्हापासून आमच्यात करारपत्र नाही.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस केनियात निवडणुकीनंतर दंगली उसळल्या आणि फेब्रुवारीची तुकडी रद्द झाली. तो फटका सोसला. त्यानंतरची पाच-सहा वर्षं काम नीट चाललं.

खरं सांगायचं आहे ते २०१४ बद्दल.

त्या वर्षी ऑगस्टसाठी बावीस जण ठरले होते. जुलै ते ऑक्टोबर हा मारा नदीवरचा हंगाम. टांझानियातल्या सेरेंगेटीतून वर आलेले विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप तेव्हा माराच्या गवतावर असतात. त्यामुळे कॅम्पचे पैसे महिनोन्‌महिने आधी भरावे लागतात. आम्ही भरले होते. ८ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाबद्दल आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पहिला फोन आला. आठवडाभरात सोळा जणांनी नावं काढून घेतली. मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होतो की साथ गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये आहे, केनियात एकही रुग्ण नाही. (त्या साथीत शेवटपर्यंत केनियात एकही रुग्ण सापडला नाही.) पण लोकांच्या मनात आफ्रिका म्हणजे एक गाव आहे, एका आळीत पेटलं की दुसऱ्या आळीत धूर.

आमच्या यादीत एक निवृत्त बाई होत्या. सरकारी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या. २००९ पासून दर दोन वर्षांनी आमच्याबरोबर येणाऱ्या. रद्द करणाऱ्यांची मी ऑफिसात बैठक बोलावली, तेव्हा त्या कापडी पिशवीतून शाळेतला जुना पृथ्वीगोल घेऊन आल्या. सोबत शिवणाचा दोरा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं ताणून नैरोबीवर आणलं आणि तिथे दाताने तोडला. मग तोच तुकडा नैरोबीवर धरून पश्चिमेला लायबेरियाच्या दिशेने ताणला. दोरा आयव्हरी कोस्टपाशी संपला. मन्रोव्हिया अजून दीड बोट पुढे होतं. बाई म्हणाल्या, “नैरोबीला तुम्ही इथून जितके लांब आहात, त्याहून ती साथ नैरोबीपासून लांब आहे. आता ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी राहावं, पण भूगोलाला दोष देऊ नये.” खोलीत कुणी बोललं नाही. तरी सोळांपैकी एकानेही नाव परत घातलं नाही.

सोळा जणांना पैसे पूर्ण परत हवे होते आणि अटींप्रमाणे कॅम्प आम्हाला एक पैही देणं लागत नव्हता. आम्ही पैसे दिले. त्यासाठी दुकानातल्या लेन्स विकल्या, बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. इथवर माझी कुणाबद्दल तक्रार नाही. भीती ही भीतीच असते.

तक्रार आहे ती पुढची. शहरातच आणखी एक फर्म होती. नाव घेत नाही. त्याच पंधरवड्यात त्यांचं पत्रक घरोघरी गेलं: इबोलापासून दूर, दक्षिण आफ्रिकेत दहा दिवस, सिंहाच्या पिल्लांना स्वतःच्या हाताने दूध पाजा, संवर्धनाचं प्रमाणपत्र मिळवा. आमच्या सोळांपैकी नऊ जण तिकडे गेले. आणि पत्रकावर फोटो होता मारातल्या सिंहिणीचा, लँड क्रूझरच्या टपावरून काढलेला. खाली डाव्या कोपऱ्यात पिशवीचा कोपरा दिसत होता. लाल दोऱ्याची दुहेरी टीप. मी ते पत्रक बायकोसमोर धरलं. ती काही बोलली नाही, फक्त बोटाने ती टीप दाखवली. फोटो आमचा, पिशवी आमची, जंगल केनियाचं आणि सहल तिसरीकडचीच. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “नेटवर सापडला.”

फोटोचं दुःख मी गिळलं असतं. पण त्या पिल्लांच्या धंद्याची मला माहिती होती आणि ती गिळण्यासारखी नव्हती. दक्षिण आफ्रिकेत सिंह पाळून त्यांची पैदास करणारी शेकडो ठिकाणं आहेत. पिल्लू जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून काढतात, म्हणजे ती लवकर पुन्हा माजावर येते. मग ‘अनाथ’ म्हणून ते परदेशी स्वयंसेवकांच्या मांडीवर देतात, बाटलीसकट. पैसे पिल्लू देत नाही, पाजणारा देतो. काही महिन्यांनी त्याचे दात-नखं झेपेनाशी झाली की सिंहासोबत पायी फिरण्याचा कार्यक्रम. वाढ पूर्ण झाली की कुंपणाच्या आत बंदूकवाल्या गिऱ्हाईकासमोर सोडतात, आणि हाडं आशियात जातात. २०१७ साली त्या सरकारने ८०० सांगाडे निर्यात करायला परवानगी दिली होती. २०२१ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्र्यांनीच हा व्यवसाय बंद करण्याच्या दिशेने जायचं जाहीर केलं. माणसाच्या हातावर वाढलेला तो सिंह जंगलात सोडता येत नाही. मग संवर्धन कशाचं झालं?

हे सगळं मी तेव्हाही सांगत होतो. ऐकणारे म्हणायचे, “तुमचे गिऱ्हाईक गेले म्हणून बोलताय.” ते शब्द मी विसरलेलो नाही.

डिसेंबरात त्या नऊ जणांमधली एक मुलगी, बारावीला होती, फोटो दाखवायला ऑफिसात आली. मांडीवर पिल्लू, हातात बाटली, चेहऱ्यावर खरा आनंद. मी काही बोललो नाही. फोटो संपल्यावर तिनेच विचारलं, “काका, ह्यांची आई कुठे होती? मी विचारलं तर ते हसले.” मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती रडली. तिचे वडील दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडून गेले. ती मुलगी आज पशुवैद्यक आहे आणि आमच्या प्रत्येक तुकडीला निघण्याआधी तासभर बोलते.

आमचे सहा जण त्या ऑगस्टमध्ये गेले. सहा माणसांसाठी सफारी नेणं म्हणजे तोटाच, पण बाई म्हणाल्या, “तुम्ही थांबलात तर तेही घाबरल्यासारखं दिसेल.” म्झेंनी सगळा प्रकार ऐकला आणि आम्हाला घेऊन थेट कॅम्पच्या मालकाकडे गेले. बराच वेळ मसाईंच्या मा भाषेत बोलणं झालं. शेवटी मालकाने आमच्या पावतीच्या मागे लिहून दिलं की न आलेल्या सोळा जणांची रक्कम पुढच्या वर्षी वळती होईल. खाली जामीन म्हणून म्झेंची सही. पुढच्या वर्षी आम्ही गेलो नसतो तर ती रक्कम त्यांच्या मजुरीतून कापली जाणार होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही. दोन वर्षांनी कॅम्पच्या आचाऱ्याने सांगितलं.

त्याच सहलीत नदीकाठी जीपमध्ये वाट बघत असताना मी म्झेंना विचारलं की बाहेरच्या माणसाने इथे येऊन खरंच उपयोगी पडावं असं काय आहे. त्यांनी आधी काय नको ते सांगितलं. “आमची पोरं जे काम पगारावर करतात, ते तुमच्या लोकांनी फुकट करू नये.” २०१५ पासूनचा आमचा स्वयंसेवक कार्यक्रम याच एका वाक्यावर उभा आहे. राखीव क्षेत्राला लागून मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. ती एकत्र करून त्यांनी कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे स्वतःची राखीव रानं केली, कॅम्पवाले तिचं भाडं देतात. आमचे लोक तिथेच राहतात, म्हणजे त्यांच्या राहण्याच्या खर्चातूनच जमिनीचं भाडं भागतं. काम असतं कागदाचं आणि डोळ्यांचं: कॅमेरा ट्रॅपमधले (प्राणी समोर आला की आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांतले) हजारो फोटो चाळायचे, नोंदी तक्त्यात भरायच्या, सिंह ओळखायचे.

सिंह मिशांवरून ओळखतात. मिशीच्या केसांच्या मुळाशी काळे ठिपके असतात, ओळीओळींनी. सगळ्यात वरची ओळ अर्धवट असते. तिचे ठिपके खालच्या पूर्ण ओळीतल्या नेमक्या कोणत्या ठिपक्यांच्या वर येतात ते कागदावर मांडायचं, डाव्या गालाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. ही जुळणी जन्मभर बदलत नाही. नाकाचा गुलाबी रंग वयाबरोबर काळा पडत जातो, त्यावरून वय. हे काम करताना सिंहाला हात लागत नाही, सिंहाला त्याचा पत्ताही लागत नाही. काही जण तिसऱ्या दिवशी कंटाळतात, आणि तसं परीक्षणात लिहितातही: ‘जवळ नेलं नाही, संगणकावर बसवलं.’ ती परीक्षणं आम्ही काढत नाही.

२०१८ च्या जानेवारीत आमचे आठ जण उत्तर केनियात ग्रेट ग्रेव्हीज रॅलीला गेले. ग्रेव्हीज जातीचे झेब्रे मोजण्यासाठी दोन दिवस सामान्य माणसांनी फोटो काढायचे. अट एकच, झेब्र्याची उजवी बाजू हवी, कारण पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नसतात आणि मोजणी एकाच बाजूवरून होते. बाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या. सांबुरूच्या उन्हात त्यांनी एका मादीसाठी चाळीस मिनिटं वाट पाहिली, कारण ती उजवी बाजू दाखवायला तयार नव्हती. म्झे गाडी थोडी पुढे घ्यायला निघाले तर बाईंनीच हात धरला.

तुम्ही कुणाहीबरोबर जा, आमच्याबरोबरच या असं म्हणणं नाही. पण पैसे भरण्याआधी विचारा की पिल्लाची आई कुठे आहे, मोठं झाल्यावर ते कुठे जातं, आणि स्वयंसेवक नसतात त्या महिन्यांत हे काम कोण करतं. तिसऱ्या प्रश्नाला लोक सर्वांत जास्त अडखळतात. आणि पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, आदल्या आठवड्यात धावपळ करू नका.

टाळेबंदीत आमचीही दोन वर्षं गेली. त्यावर सगळ्यांनीच लिहिलं आहे. म्झे आता गाडी चालवत नाहीत, त्यांचा धाकटा मुलगा चालवतो. हिशेबाचा कागद मात्र तेच तपासतात. ती दुसरी फर्म दोन-तीन वर्षांपासून ‘जबाबदार सफारी’ विकते आहे, आमच्याच मार्गाने, आमच्याच क्रमाने. पिल्लांचं पत्रक त्यांनी कधी छापलंच नव्हतं असं ते सांगतात. माझ्याकडे ते जपून ठेवलेलं आहे.

बाईंना आता प्रवास झेपत नाही. गुरुवारी दुपारी त्या रिक्षाने ऑफिसात येतात, पृथ्वीगोल सरकवून लॅपटॉपला जागा करतात आणि माराहून आलेले फोटो जुळवतात. गेल्या गुरुवारी आमच्या नव्या मुलाने एक सिंहीण ओळखून तक्त्यात टाकली होती. बाईंनी ८×४२ च्या दुर्बिणीची भिंगं पुसायचं फडकं मागितलं, स्क्रीन पुसली आणि त्याला हाक मारली, “इकडे ये रे. उजवा गाल, वरची ओळ. दुसरा ठिपका तिसऱ्यावर येतोय की चौथ्यावर?”