किती फूट झालं?

जुलै उजाडला की कोल्हापुरात 'जेवलास काय?' याच्याआधी 'किती फूट झालं?' असे विचारले जाते आणि कशाचे फूट, असा उलट प्रश्न कोणी करीत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची पातळी ३९ फुटांना इशारा देते आणि ४३ ला धोका, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, हे चहाच्या गाड्यावर कोणीतरी ऐकवतोच. जुनी माणसे मात्र आकड्यांच्या भानगडीत पडत नाहीत. पाणी जामदार क्लबपाशी आले की गायकवाड वाड्यापाशी, एवढ्यावर त्यांचा सारा अंदाज बांधून होतो.

मला या हिशेबात एक गोष्ट खटकते. नदीवर आपण डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो, पण शहरातून तिला जाऊन मिळणाऱ्या जयंती नाल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक नदी चढली की नाल्याच्या पाण्याला बाहेर पडायला तोंड उरत नाही, उलट नदीच त्याच्या पात्रातून शहरात मागे सरकते. म्हणूनच जिथून पंचगंगा दिसतही नाही, त्या व्हीनस कॉर्नरला आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरते. ऑगस्टमध्ये तिथले कारागीर अंगावर नुसता पांढऱ्या रंगाचा हात दिलेले, डोळे अजून न रेखलेले गणपती एकेक करून माडीवर चढवताना दिसतात. पूर्वी हे पाणी पसरायचे त्या जागेवर आता भराव, संरक्षक भिंती आणि पार्किंग आहे. (तळी बुजवण्याची हौस आपल्याला जुनीच, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि कपिलतीर्थाची मंडई. पावसाळ्यात गांधी मैदानाचे पुन्हा तळे झाले की आपणच नाके मुरडतो.)

२०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि माणसांच्या सवयी बदलल्या. कपाटे विटांवर चढली, दुकानांतला माल वरच्या फळ्यांवर गेला. फ्लॅट पाहायला गेलेले जोडपे आता स्वयंपाकघराची दिशा नंतर पाहते. आधी विचारते, 'एकोणीसला इथे पाणी आलं होतं काय?' त्यावर एजंट ठसक्यात सांगतो, 'छे हो, फक्त पार्किंगमध्ये!'