टाच टेकली नाही

गेल्या महिन्यात आमच्या फिजिओथेरपी विभागात एक तरुण रंगारी परत आला, आणि तेव्हापासून त्याचे प्रकरण माझ्या मनातून जात नाही. गोव्यात पर्वरीतल्या एका बांधकामावर तो परांचीवरून पडला होता. 108 रुग्णवाहिकेतून आला तेव्हा शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर त्याचे गुण 7 होते. 8 किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. न्यूरोसर्जननी त्याच रात्री कवटीचा तुकडा काढून मेंदूवरचा दाब उतरवला आणि तो तुकडा पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला. त्या रात्री पैशांची चौकशी कोणीही केली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

शेजारच्या खाटेवर दुचाकीवरून पडलेला एक बँक कर्मचारी होता. गुण तेवढेच, शस्त्रक्रिया तीच, वयही जवळपास सारखे.

अशा रुग्णाच्या बाबतीत आमचे काम तो शुद्धीवर येण्याआधीच सुरू होते, कारण मेंदूचा ताबा सुटला की पोटरीचे स्नायू आखडून पाऊल खाली वळते. म्हणून पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट बांधायचा, सांधे रोज हलवायचे, दर दोन तासांनी कूस बदलायची, पुढे टिल्ट टेबलवर, म्हणजे हळूहळू उभ्या होणाऱ्या टेबलावर, पट्टे बांधून रक्तदाब पाहत थोडे थोडे उभे करायचे, आणि खाटेच्या कडेला बसवून मान सावरण्यापासून सगळे नव्याने शिकवायचे. हे महिनोन् महिने चालते, आणि माझ्या मते रुग्ण पुन्हा कामावर जाईल की नाही हे बहुतांशी इथेच ठरते.

बँकवाल्याच्या पॉलिसीने घरी गेल्यानंतरच्या 60 दिवसांचा खर्च उचलला, पगारी रजा होती, पुढचा भार कुटुंबाने पेलला. रंगाऱ्याकडे काहीच नव्हते. गोव्याच्या 2016 पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेला पाच वर्षांचे वास्तव्य लागते, त्याची तीनच झाली होती. केंद्राची 2025 ची कॅशलेस योजना दीड लाखापर्यंत खर्च देते, पण सातच दिवस आणि तीही रस्त्यावरच्या अपघातापुरती. बांधकाम कामगारांसाठी 1996 पासून कायदा असूनही ठेकेदाराने त्याची नोंदणी केली नव्हती, आणि असे ठेकेदार मी फार पाहिले आहेत. भावाची रोजंदारी बुडत असल्यामुळे घरच्यांनी डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी, घेऊन त्याला बेळगावजवळच्या गावी नेले.

अमेरिकेत 1986 च्या कायद्यामुळे तातडीचे उपचार विम्याअभावी नाकारता येत नाहीत, तरीही विमा नसलेले रुग्ण पुनर्वसन केंद्रापर्यंत कमी पोहोचतात, असे तिथल्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे. आमच्या वॉर्डात मला तेच दिसते: मेंदू वाचवायला सगळे धावतात, पाय वाचवायला पैसे कोण देणार हे कोणीच ठरवलेले नाही.

कवटीचा तुकडा परत बसवायला तो आला तेव्हा त्याला नीट बोलता येत होते, मराठी आणि कन्नड दोन्ही. मात्र उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती आणि कोपर अर्ध्यावर अडकले होते. आता पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारी कंडरा लांबवण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल, असे अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात. वेळेवरच्या स्प्लिंटपेक्षा ती कितीतरी महाग आहे. तोवर आम्ही दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल थोडे थोडे वर आणतो आहोत, आणि त्याच्या आईला ताण देण्याची पद्धत शिकवली आहे. पुन्हा परांचीवर चढता येईल का, असे तो प्रत्येक वेळी विचारतो, आणि मी त्याला आधी सपाट जमिनीवर चालायला सांगते.