डग्गा कुठं गप्प झाला?

आपल्या शाळेत संगीताला वेगळी खोली नव्हती. एक पेटी, तबल्याची एक जोडी (तबला आणि डाव्या हाताचा घुमणारा डग्गा), चार खंजिऱ्या आणि टाळ, एवढं सामान ऑफिसातल्या कपाटावर असायचं. पावसाळ्यात तबल्याची पुडी ओल धरून सैल पडायची. मग सर प्रार्थनेआधी तबला चहाच्या चुलीजवळ ठेवायचे, हातोडीनं एकेक घर ठोकून सुरात आणायचे. ते पाहायला मी मुद्दाम लवकर यायचो.

माझा गळा सुरात लागत नव्हता. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ते कळलं. सरांनी मला गाण्यातून काढलं नाही, शेजारी बसवून तीनताल हातावर धरायला लावला. सोळा मात्रा, पहिलीवर सम, म्हणजे ठेक्याची सुरुवात, पाचवीवर आणि तेरावीवर टाळी, नववीवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. महिनाभर तेच. मग एके दिवशी म्हणाले, "पाठ कर इकडं अन् आयक. डग्गा कुठं गप्प झाला, सांग."

मी चुकलो. पुन्हा चुकलो. सर पुन्हा पुन्हा ठेका धरत राहिले. नवव्या मात्रेच्या 'धा'ला डग्गा असतो, दहाव्या 'तिं'ला त्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या 'धिं'ला तो परत बोलतो. हे ज्या दिवशी कानाला कळलं, त्या दिवशी घरी जाताना बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांतही मी मात्रा मोजत होतो.

आमच्या भागाला हे नवं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरच्या भजनांनी गावंच्या गावं जागी केली, १९४२ मध्ये तुरुंगवास सोसला. आमच्या आजोबांना लिहिता येत नव्हतं, पण भजनात कोण मागं पडलं ते त्यांना लगेच समजायचं.

आज मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर आहे. हॉलमध्ये चोवीस मशिनी एकदम चालतात. नवख्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटतो. तीन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, रात्रपाळीला दारातून आत शिरलो आणि थबकलो. काहीतरी लयीतून सुटलं होतं. मागच्या रांगेपर्यंत कान देत गेलो, एका मशिनीच्या बेअरिंगला हात लावला तर चटका बसला. लगेच मशीन बंद केली. आजूबाजूला रुईचे ढीग होते आणि कापसाला एक ठिणगी पुरते. त्या पाळीत अठरा माणसं कामावर होती. कुणी विचारलं, कसं कळलं? मी म्हटलं, शाळेत शिकलो.

संगीत शिकलेलं पोर गायकच व्हावं, असं कुठं आहे? गाण्यात एकाला पुढं पळता येत नाही, दुसऱ्यासाठी थांबावंच लागतं. हे शिकवायला दुसरा कोणता तास आहे, मला तरी माहीत नाही. म्हणून दहावीत आमचा संगीताचा तास गणिताला गेला, त्याचं दुःख अजून आहे. गणित मला आवडायचं. पण तोही तास हवा होता.

हे मनोगत द्यायला आलो तेव्हा ती पेटी पाहिली. भाता फाटलाय, तीन पट्ट्या दबलेल्या आहेत. दुरुस्तीचा खर्च माझा, आणि दिवाळीनंतर मी स्वतः पेटी घेऊन येतो. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, तोवर वेळापत्रकात आठवड्याचा एक तास रिकामा ठेवावा.