पेट साउंड्स: एका कानाने ऐकलेला अल्बम

काल रात्री परत बीच बॉइज या अमेरिकन बँडचा 'पेट साउंड्स' लावला, एकच गाणं ऐकून झोपायचं म्हणून, आणि तेराच्या तेरा गाणी होईपर्यंत हेडफोन काही काढवला नाही. अख्खा अल्बम जेमतेम ३६ मिनिटांचा आहे तसा.

बीच बॉइज म्हटलं की समुद्र, सर्फिंग, गाड्या आणि पोरी. त्यांची गाणी त्याच्यावरच चालायची ना. पण १९६४ च्या डिसेंबरमध्ये विमानात त्यांची गाणी करणाऱ्या ब्रायन विल्सनला पॅनिक अटॅक आला आणि त्यानंतर त्याने टूर करणंच सोडलं. बाकीचे जपानला कार्यक्रम करत होते तेव्हा हा लॉस एंजेलिसला बसून टोनी ॲशर नावाच्या जाहिरातीत काम करणाऱ्या माणसाबरोबर गाणी लिहीत होता. वय वर्षं २३.

आणि याला उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही! म्हणजे स्टीरिओ, दोन कानांना वेगवेगळा आवाज, म्हणजे काय ते त्याला कधी नीट कळणंच शक्य नव्हतं, म्हणून अल्बम मोनोमध्ये केला, दोन्हीकडे एकच आवाज. मला यातच सगळं आलं असं वाटतं. डावीकडे गिटार उजवीकडे पियानो अशी वाटणी करताच येत नाही म्हटल्यावर त्याने वाद्यं एकमेकांत मिसळली, दोन वेगळी वाद्यं एकच सूर एकदम वाजवतायत आणि आपल्याला ऐकू येतं ते तिसरंच काहीतरी. 'वुडन्ट इट बी नाइस' नीट ऐका, त्यात ॲकॉर्डियन आहेत, पण पहिल्या दहा वेळा मला ते ॲकॉर्डियन आहेत हे कळलंच नव्हतं, नुसती काहीतरी थरथर जाणवायची. आणि त्याची सुरुवात! गिटारची गोड नाजूक तान, मग ड्रमवर धाडकन एक थाप आणि गाणं थेट दुसऱ्याच पट्टीत जाऊन पडतं.

'गॉड ओन्ली नोज' बद्दल किती लिहू. प्रेमाचं गाणं, आणि पहिलीच ओळ काय, तर मी तुझ्यावर कायम प्रेम करेनच असं नाही. फ्रेंच हॉर्न, घुंगरांसारखा स्ले बेल्सचा आवाज, आणि गाण्याचा सा नेमका कुठे आहे तेच कळत नाही, पायाखाली जमीन आहे आणि नाहीपण. ब्रायनने स्वतः न गाता ते धाकट्या भावाला, कार्लला दिलं, तो तेव्हा १९ वर्षांचा होता आणि त्याने ते इतकं साधं गायलंय, कुठे जोर नाही की हरकत नाही. शेवटी आवाज एकामागून एक गोल फिरत राहतात तिथे माझ्या अंगावर अजून काटा येतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं हे अत्यंत आवडतं गाणं.

अल्बम आला १६ मे १९६६ ला. अमेरिकेत दहाव्या नंबरपर्यंत गेला, ज्या ग्रुपचे अल्बम याहून वर जायचे त्यांच्यासाठी हे कमीच, आणि त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने, कॅपिटलने दोन महिन्यांच्या आत जुन्या हिट गाण्यांचा 'बेस्ट ऑफ' काढून मोकळं केलं. याचा मला खरंच राग येतो. ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्या नंबरवर गेला. बीटल्सचा 'रबर सोल' ऐकून ब्रायन पेटला होता, आता हा ऐकून बीटल्स पेटले, 'पेट साउंड्स' नसता तर बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम झालाच नसता असं त्यांच्या प्रोड्यूसरने, जॉर्ज मार्टिननेच म्हणून ठेवलंय. स्टुडिओ हेच एक वाद्य आहे, हे पॉपवाल्यांनी मनावर घेतलं त्यात या अल्बमचा फार मोठा वाटा आहे. आज एकटं खोलीत बसून लॅपटॉपवर थरावर थर चढवत गाणं करणारी पोरं ब्रायनच्याच वाटेवर आहेत.

शेवटचं 'कॅरोलाइन, नो' संपतं आणि मग एक ट्रेन धडधडत जाते आणि कुत्री भुंकतात. ती ब्रायनची स्वतःची कुत्री, बनाना आणि लुई. पॉप अल्बमचा शेवट असा करायला काय धाडस लागलं असेल त्या काळात.

१९९७ मध्ये स्टीरिओ मिक्स आला. तो पण ऐकलाय मी, प्रत्येक वाद्य सुटं, मोजून घ्या हवं तर, एकदा त्यासाठी ऐकाच. पण ११ जून २०२५ ला ब्रायन गेल्याची बातमी वाचली तेव्हा हात आपोआप मोनोवरच गेला, आणि मी उजव्या कानाचा हेडफोन काढून ठेवला.