घड्याळ कुठं थांबलं, ते आधी सांगा

रविवारच्या राईडला बेळगावजवळच्या जांबोटीत बाय-टू चहा सांगितला की कुणी ना कुणी विचारतंच, "काका, सायकलवरनं जगप्रदक्षिणेचा खरा रेकॉर्ड कुणाचा वो? कुणी ७८ दिवस म्हणतंय, कुणी १०८, आणि आपल्या पुण्याच्या पोरीचे १५९. यातलं भारी कुठलं?" चहा संपेपर्यंत याचं उत्तर होत नाही, आणि पुढं कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की बोलायला दम उरत नाही. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा बसून लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुलना होते, पण नुसते दिवस मोजून होत नाही. घड्याळ कसं चालवलं आणि सामान कुणी वाहिलं, एवढं कळल्याशिवाय मी दोन आकडे शेजारी ठेवत नाही. बाकी वय, सायकल, टायर, हवामान यावर वाद घालायला आख्खा जुलै पडलाय.

गिनेसचा नियम ऐकायला सरळ आहे. निघालात तिथंच परत यायचं, एकाच दिशेनं जायचं, निदान १८,००० मैल, म्हणजे जवळपास २९,००० किलोमीटर, सायकल चालवायची आणि विमान-बोटीचा प्रवास धरून एकूण अंतर विषुववृत्तापेक्षा जास्त भरलं पाहिजे. शिवाय पृथ्वीच्या गोलावर एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध असलेल्या दोन ठिकाणांवरनं जायचं. या शेवटच्या अटीमुळं बहुतेक जण स्पेन आणि न्यूझीलंड गाठतात, कारण जमिनीच्या विरुद्ध बाजूला जमीनच असणं ही चैन फार थोड्या देशांच्या नशिबी आहे. बेळगावच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला पेरूच्या पश्चिमेचा प्रशांत महासागर आहे. आपलं गाव त्या जोडीत बसत नाही, निघायला मात्र चालतं.

आता घड्याळ. मधली काही वर्षं असा नियम होता की विमानात बसलात की घड्याळ थांबवायचं आणि उतरून पुन्हा सायकलवर बसलात की चालू करायचं. २०१० साली अ‍ॅलन बेट ३१ मार्चला बँकॉकहून निघाला आणि ४ ऑगस्टला बँकॉकला परत आला. कॅलेंडर काढून मोजा, सव्वाशेच्या वर दिवस होतात. विक्रम म्हणून नोंदले गेले १०६ दिवस १० तास. पुढं नियम बदलला, घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत थांबवायचं नाही असं ठरलं, आणि २०१५ साली न्यूझीलंडचा अँड्र्यू निकोल्सन, मूळचा स्पीड स्केटिंगमधला ऑलिम्पियन, १२३ दिवसांत फिरून आला. नवा विक्रम १२३, जुना १०६! नुसती यादी वाचणाऱ्याला वाटेल छपाईची चूक आहे. रेघ कुठनं ओढली यावर काय काय ठरतं, हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना कुणी समजावून सांगायला नको.

या दोघांच्या मधे माईक हॉल येतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ त्याच्याच आकड्याचा होतो. २०१२ साली फेब्रुवारीत तो लंडनच्या ग्रिनिचहून निघाला, सगळं सामान स्वतःच्या सायकलवर, मागं गाडी नाही. लोक त्याचे ९१ दिवस सांगतात, ते थांबत्या घड्याळाचे. न थांबवलेल्या घड्याळावर १०७ दिवस अडीच तास होतात. निकोल्सनच्या तीन वर्षं आधी, त्याच्यापेक्षा पंधरा दिवसांहून जास्त फरकानं! तरी अधिकृत विक्रम म्हणून नोंद हॉलची नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका लांब शर्यतीत गाडीच्या धडकेत तो गेला.

सामानाचा मुद्दा मार्क ब्यूमाँटवरनं जितका स्पष्ट होतो तितका कुणावरनंच होत नाही, कारण या स्कॉटिश माणसानं हा विक्रम दोनदा केला. पहिल्यांदा एकटा, बॅगा लावलेली सायकल, २००७ च्या ऑगस्टात पॅरिसहून निघून २००८ च्या फेब्रुवारीत परत, १९४ दिवस १७ तास. इराण, पाकिस्तान, उत्तर भारत असा रस्ता. दुसऱ्यांदा २०१७ साली, पुन्हा पॅरिसहूनच, पण रशिया, मंगोलिया, चीन या रस्त्यानं आणि मागं-पुढं गाड्या, मेकॅनिक, मालिश करणारा, स्वयंपाक बघणारा. ७८ दिवस १४ तास ४० मिनिटं.

माणूस तोच. नऊ वर्षांनी वयानं वाढलेला. मग ११६ दिवस गेले कुठं?

लोकांना वाटतं तो वाऱ्यासारखा गेला. हिशेब करा. रोज सरासरी २४० मैल, म्हणजे ३८६ किलोमीटर. बेळगावहून निघून पुणं ओलांडायचं आणि लोणावळ्याच्या अलीकडं झोपायचं, आणि हे रोज, अडीच महिने. पहाटे चारला सुरुवात, चार-चार तासांचे चार टप्पे, असे सोळा तास. भागाकार केला तर ताशी चोवीस किलोमीटर येतात. ताशी चोवीसनं आमच्या ग्रुपातली कॉलेजची पोरं काकतीपर्यंत गप्पा मारत जातात. वेग हा विक्रमाचा मुद्दाच नाही. मुद्दा आहे तो ते सोळा तास रोज सायकलवरच काढायचा आणि उरलेले आठ तास जेवण शोधण्यात, लॉज शोधण्यात, चेन साफ करण्यात न घालवायचा. ती वाचवलेली मिनिटं दुसऱ्या माणसांच्या हातून आली. यात फसवणूक काहीच नाही, त्यानं कधी काही लपवलं नाही, आणि नवव्या दिवशी रशियात पडून दात तुटलेला, कोपराचं हाड चिरलेलं असताना पुढं चालवणं हे कुठली गाडी करून देत नाही. पण गिनेसच्या यादीत पुरुष आणि बाई असे रकाने आहेत, गाडीसह आणि गाडीविना असे नाहीत. माझी तक्रार ब्यूमाँटशी नाही, त्या रकान्यांशी आहे.

गाडीचा फरक किती असतो, हे आमच्याकडं बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायची राईड, चालवणाऱ्याला विचारा. २०० किलोमीटर, साडेतेरा तास, हातात शिक्के घ्यायचं ब्रेव्हे कार्ड, आणि बाहेरची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या शिक्क्याच्या ठिकाणी. एकदा वंटमुरीच्या घाटात पावसात मागचं चाक बसलं. टायरमधनं काढलेली तार दातात धरून ट्यूब बदलत होतो, बोटं गारठून टायर रिमवर चढेना, तेवढ्यात ओळखीच्यांची गाडी हळू होऊन शेजारी थांबली. काच खाली, आत हीटर, मागच्या सीटवर चांगला उभा पंप. "घ्या की, कोण बघतंय हितं?" मी नको म्हटलं आणि हातपंपानं शंभरावर झटके मारत बसलो. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत असूनही ओलं झालं होतं, पुढच्या कंट्रोलवरचा शिक्का शाईसकट पसरला. अशी वीस मिनिटं रोज दोन-तीनदा, आणि चार महिने धरा. सपोर्टवाल्याचं चाक बसलं तर त्याला दुसरी सायकल मिळते आणि तो निघतो. बीआरएमचं मला आवडतं ते हे, की वेळेत आलेल्या सगळ्यांची नावं लागतात, नंबर लागत नाहीत. आमच्यातल्या तरुणांना तेच आवडत नाही.

वाऱ्याचं तर बोलूच नका. जुलैत बेळगावहून बैलहोंगलकडं जाताना पश्चिमेचा वारा पाठीत हात घालून नेतो आणि येताना तोच छातीवर बसतो. तेवढंच अंतर, तोच माणूस, वेळ मात्र भलतीच. जगप्रदक्षिणा पूर्वेकडं करण्याची रीत पडली ती यामुळंच, मध्यम अक्षांशांत वारे बहुतेक पश्चिमेचे असतात. आणि रस्ता स्वतःच निवडायचा असल्यामुळं विक्रमाचा अर्धा अभ्यास नकाशावरच होतो.

तो नकाशाही दरवेळी सारखा हातात येत नाही. स्कॉटलंडचीच जेनी ग्रॅहम २०१८ साली बर्लिनहून निघाली, रशिया-मंगोलिया-चीन या, बराचसा ब्यूमाँटच्याच, रस्त्यानं गेली, सगळं सामान स्वतः वाहिलं, मिळेल तिथं उघड्यावर झोपली आणि १२४ दिवस ११ तासांत परतली. २०२४ साली अमेरिकेची लेल विलकॉक्स शिकागोहून निघाली तेव्हा युद्धामुळं रशियाचा रस्ता सोपा राहिला नव्हता. ती युरोप ओलांडून जॉर्जिया देशापर्यंत गेली, तिथनं विमानानं ऑस्ट्रेलियाला. १०८ दिवस १२ तास १२ मिनिटं. शिवाय आपण कुठं आहोत हे ती रोज जाहीर करायची आणि या माझ्यासोबत म्हणायची, त्यामुळं गावोगाव लोक सोबत चालवत आले, आणि तिची जोडीदार चित्रीकरण करत होती. ग्रॅहमच्या वाट्याला सायबेरियात अशी सोबत नव्हती. सोबतीचे किती तास वजा करायचे? मी तरी करत नाही, पण मनात नोंद ठेवतो.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे १५९ दिवस मात्र लोक यादीच्या तळाशी ठेवतात ते मला खटकतं. २०१८ साली विशीतली पोरगी, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलेली, कॅनडात अस्वल मागं लागलेलं, आणि हातात भारतीय पासपोर्ट. ब्रिटिश पासपोर्टवाला ज्या कितीतरी देशांत शिक्का मारून आत जातो, तिथं आपल्याला महिनोनमहिने आधी कागद लावावे लागतात, आणि व्हिसाच्या तारखा पाय किती चालतात हे विचारत नाहीत. घड्याळ तेव्हाही चालूच असतं. तिचा आकडा ग्रॅहमच्या शेजारी ठेवायचा तर या रांगाही ठेवा. १९२३ साली मुंबईहून निघून सायकलवर जग फिरून १९२८ साली परतलेल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांना किती दिवस लागले, हे कुणी विचारतही नाही. ते बरंच आहे.

मग मी स्वतः कुठले दोन आकडे शेजारी ठेवतो? हॉल आणि विलकॉक्स. दोघांचं घड्याळ न थांबवता धरलेलं, दोघांचं सामान स्वतःच्या सायकलवर. १०७ दिवस अडीच तास आणि १०८ दिवस १२ तास. मधे बारा वर्षं, एक पुरुष, एक बाई, रस्ते वेगळे, आणि फरक चौतीस तासांच्याही आत. जांबोटीच्या टपरीवर हे सांगितलं की पोरं फोन काढून तपासतात आणि मग वाद सुरू होतो तो खरा ऐकण्यासारखा असतो, कारण तो दिवसांवर राहत नाही, झोपेवर, खाण्यावर आणि टायरवर जातो.

आणि तुम्ही शेवटी हळूच जे विचारलंत, की बेळगावातनं कुणी निघायचं म्हटलं तर काय करावं, त्याचं उत्तर असं: सायकलीसाठी मला फोन नंतर करा. आधी व्हिसाच्या एजंटाला गाठा, देशांची यादी त्याच्या पुढ्यात टाका, आणि तो कुठल्या देशाला सहा महिने म्हणतो ते बघून मगच नकाशा उघडा.